निवृत्त सैनिक अधिकारी संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सचिवाच्या फोनवर, मासिक बैठकीत आणि ध्वजवंदनानंतरच्या चहाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत सदस्य आहेत, दिवंगत सदस्यांच्या पत्नी आहेत, परगावी राहणारी मुलं आहेत आणि एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करणारे गावातले विद्यार्थीही आहेत. सरकारी नियम आणि रकमा बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा खात्री करून घ्यावी.

१. ही संघटना म्हणजे सरकारी कार्यालय आहे का? नेमकं काय करता तुम्ही?

सरकारी कार्यालय नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचं आहे. त्याच्या वर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड. नोंदणी, दाखले आणि आर्थिक मदतीची प्रकरणं ही त्यांची कामं. आपली संघटना ही निवृत्त अधिकाऱ्यांनी स्वतःच्या वर्गणीवर चालवलेली नोंदणीकृत संस्था आहे. अर्ज मंजूर करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण अर्ज कुठे अडला, का अडला, कोणता कागद कमी पडला, हे शोधून देणं आम्हाला जमतं.

लोकांना दिसतं ते पुष्पचक्र, बडा खाना (सगळ्यांचं एकत्र जेवण) आणि फोटो. हे कार्यक्रम हवेतच. मात्र संघटना खरी लागते ती घरात माणूस एकटा पडल्यावर, किंवा पेन्शनचा कागद हाती धरून पुढे काय करायचं ते कळेनासं झाल्यावर. त्याबद्दल प्रश्न १३ ते १८ जरूर वाचा, बाकीचे नाही वाचले तरी चालतील.

२. सदस्य कोण होऊ शकतं?

भूदल, नौदल किंवा हवाई दलातून कमिशन्ड अधिकारी म्हणून बाहेर पडलेली कोणतीही व्यक्ती. सैन्य वैद्यकीय सेवा, दंतवैद्यकीय सेवा आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचे अधिकारीही त्यात आले. रँक, कोर, सेवेची वर्षं यांवरून भेद नाही. वाय-फाय असलेल्या सोसायटीत राहता की वाडीवर, यावरून तर नाहीच. अर्जासोबत सेवामुक्तीचा कागद किंवा पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि एक फोटो द्यावा. वर्गणी वार्षिक किंवा आजीव, दोन्ही प्रकारे भरता येते.

३. मी शॉर्ट सर्व्हिस (ठराविक मुदतीची सेवा) करून बाहेर पडलो. पेन्शन नाही. मला ‘माजी सैनिक’ धरतात का?

ठरलेली मुदत पूर्ण करून, ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेले शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी माजी सैनिकाच्या व्याख्येत बसतात. हे अनेकांना माहीत नसतं आणि ‘पेन्शन नाही म्हणजे आपण त्यातले नाही’ असं धरून ते नोंदणीच करत नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी नाव नोंदवा. बाकी सगळं त्या नोंदणीवर उभं आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची. ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली तेव्हा ती मुख्यतः पेन्शनधारकांसाठी होती. मार्च २०१९ मध्ये सरकारने ती शॉर्ट सर्व्हिस आणि इमर्जन्सी कमिशनच्या अधिकाऱ्यांनाही, एकरकमी वर्गणी भरण्याच्या अटीवर, खुली केली. तुम्ही त्या गटात असाल आणि अजून कार्ड काढलं नसेल, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका.

४. माझे वडील सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यांना मानद कॅप्टन हुद्दा मिळाला आहे. ते सदस्य होऊ शकतात का?

हो. मानद कमिशन प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी जाहीर होतं, आणि ते पूर्ण सेवेच्या शेवटी मोजक्या ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांनाच मिळतं. अशा माणसाला दाराबाहेर ठेवणारी संघटना आम्हाला चालवायची नाही. मतदानाचा हक्कही इतर सदस्यांसारखाच. वेतन, पेन्शन आणि ईसीएचएस वर्गणीचे निकष मात्र सरकारी नियमांप्रमाणे लागतात, संघटनेच्या सदस्यत्वामुळे ते बदलत नाहीत.

५. मी सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालो आहे / महाविद्यालयात एनसीसी अधिकारी होतो. मला येता येईल?

कार्यक्रमांना अगत्याने या. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल ही गृहमंत्रालयाखालची दलं असल्याने त्यांचे निवृत्त अधिकारी ‘माजी सैनिक’ या व्याख्येत येत नाहीत. एनसीसीचे सहयोगी अधिकारीही त्यात येत नाहीत. त्यामुळे मतदानाचं सदस्यत्व देता येत नाही, पण निमंत्रित सदस्य म्हणून नोंद करतो. विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनात (प्रश्न ११) एनसीसी अधिकाऱ्यांची आम्हाला फार मोठी मदत होते.

६. माझे पती गेले. आता माझं संघटनेशी नातं संपलं का?

नाही, मॅडम. दिवंगत सदस्यांच्या पत्नी आपोआप आजीव सदस्य होतात, वर्गणी लागत नाही, आणि वार्षिक सभेत मत देण्याचा हक्क असतो. कार्यकारिणीत एक जागा त्यांच्यासाठी राखीव आहे. ही जागा नावापुरती ठेवू नये असं आमचं ठाम मत आहे, कारण पेन्शनची प्रकरणं कुठे अडतात हे त्या जागेवरच्या मॅडमला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. ती वाट त्या स्वतः चालून आलेल्या असतात.

७. वर्षभरात कोणकोणते कार्यक्रम असतात?

जानेवारीत दोन दिवस लागून येतात. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, सेना दिन: १९४९ मध्ये याच दिवशी करिअप्पांनी भारतीय सेनाप्रमुख म्हणून सूत्रं घेतली. ४ फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फंट्रीचे सदस्य सिंहगडाच्या विजयाची आठवण म्हणून आपला रेजिमेंटल दिवस साजरा करतात, आणि त्या संध्याकाळी बाकीचे आम्ही पाहुणे. २६ जुलैला कारगिल विजय दिन. ८ ऑक्टोबर हवाई दलाचा, ४ डिसेंबर नौदलाचा, १६ डिसेंबर हा १९७१ च्या विजयाचा दिवस. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन (प्रश्न १०).

यातल्या प्रत्येक दिवशी मोठा समारंभ नसतो. हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र, दोन मिनिटं स्तब्धता, राष्ट्रगीत आणि घरी. भाषणं कमीत कमी असावीत असा आमचा आग्रह असतो. १६ डिसेंबरला मात्र १९७१ ला प्रत्यक्ष लढलेल्या सदस्यांना बोलायला पूर्ण वेळ देतो. हे सदस्य आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांचं बोलणं आम्ही ध्वनिमुद्रित करतो आणि कुटुंबाला प्रत देतो. ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावं, गाडीची सोय होईल.

याखेरीज दर महिन्याची बैठक, दिवाळीनंतरचा बडा खाना, लेडीज मीट, हाऊझी (तंबोला). आणि वर्षातून एक सहल, बहुतेक वेळा पुण्याच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाला किंवा साताऱ्याकडच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाला. पहिल्या महायुद्धापासून घराघरातून सैनिक देणारं हे गाव. नातवंडांना एकदा तरी न्या.

८. कार्यक्रमाला गणवेश घालून यायचं का? पदकं लावायची का?

गणवेश नको. ब्लेझर किंवा बंदगळा, असल्यास रेजिमेंटची टाय. उन्हाळ्यात साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टायही चालते. स्मारकावरच्या कार्यक्रमाला पदकं जरूर लावा, स्वतःची असतील तर डाव्या छातीवर. दिवंगत अधिकाऱ्याची पदकं त्यांची पत्नी, मुलगा किंवा मुलगी श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात लावू शकतात, पण उजव्या बाजूला. दुसऱ्याची पदकं डाव्या बाजूला लावू नयेत. एवढ्या एका गोष्टीत आम्ही कोणाचीही भीड ठेवत नाही.

९. निवृत्तीनंतर नावाच्या आधी रँक लिहावी का?

लिहावी. ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर कंसात येतो, रँकला चिकटून नाही. लेटरहेड, घराची पाटी, लग्नपत्रिका सगळीकडे हाच क्रम ठेवावा. व्यापारी जाहिरातीत किंवा जमिनीच्या व्यवहारात वजन पडावं म्हणून रँक वापरू नये.

१०. ध्वजदिन निधीची देणगी तुमच्याकडे दिली तर चालेल का?

नाही, ती आम्ही घेत नाही. ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्याचा निधी जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जमा होतो. तिथली अधिकृत पावती घ्या. संघटनेच्या नावाने कोणी घरोघरी किंवा दुकानात निधी मागत असेल, तर तो आमचा माणूस नाही. पैसे देऊ नका आणि आम्हाला लगेच कळवा. संघटनेच्या स्वतःच्या कल्याण निधीला देणगी द्यायची असेल तर ती वेगळी. ती धनादेशाने किंवा थेट बँक खात्यात, पावतीसह.

११. माझ्या मुलाने एनडीएची लेखी परीक्षा पास केली आहे. एसएसबीची (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखतीची) तयारी करून घ्याल का? फी किती?

फी नाही. रविवारी सकाळी सत्र असतं आणि शेतकऱ्याचा, रिक्षाचालकाचा, अधिकाऱ्याचा मुलगा एकाच रांगेत बसतो. मुलींसाठी वेगळं काही नाही. २०२१ च्या परीक्षेपासून एनडीए मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या मुलींची संख्या वाढली आहे, याचा फार आनंद आहे.

पालकांना एक स्पष्ट सांगायला हवं. आम्ही उत्तरं पाठ करून घेत नाही. एसएसबी पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट व चर्चा, तिथेच बरेच जण परत पाठवले जातात. मग मानसशास्त्रीय चाचण्या: चित्रांवरून गोष्टी, प्रत्येकी १५ सेकंदांत एक वाक्य असे ६० शब्द, आणि ३० मिनिटांत ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया. पुढे मैदानावरची गटकामं, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. ६० शब्दांत पाठांतर टिकत नाही. पंधराव्या-विसाव्या शब्दानंतर लिहिणारा मुलगा जसा आहे तसा कागदावर उतरतो, आणि आधीची पाठ केलेली वाक्यं शेजारी उठून दिसतात.

मैदानावरही तेच. आम्ही सरावासाठी एक फळी, एक बल्ली, दोर आणि दोन ड्रम ठेवले आहेत. जमिनीवर आखलेल्या दोन रेषांमधून सगळ्या गटाने सामान घेऊन पलीकडे जायचं, आणि लाल रंगवलेल्या भागाला हात-पाय लागता कामा नये. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं मोठ्या आवाजात हुकूम सोडतात, कारण कोणीतरी त्यांना ‘लीडर म्हणजे बोलणारा’ असं सांगितलेलं असतं. त्याच वेळी एखादी गप्प मुलगी फळीचं दुसरं टोक गुडघ्याने दाबून धरते, म्हणून पुढचा मुलगा पडत नाही. परीक्षक तिच्याकडे पाहत असतो. मुलांना हे दाखवून दिलं की पुढच्या रविवारी आवाज खाली येतो आणि काम वर येतं.

घरून करता येण्यासारखं: रोज वर्तमानपत्र वाचणं, रोज पळणं, आणि घरातली एखादी जबाबदारी पूर्णपणे मुलावर सोडणं. वीजबिल भरणं असो की आजीला दवाखान्यात नेणं असो. मुलाखतीत याबद्दल विचारतात, आणि न केलेलं काम सांगता येत नाही.

१२. मुलगा अजून लहान आहे. आत्तापासून काय करावं?

सैनिक शाळांचे प्रवेश सहावी आणि नववीला अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून होतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे. राज्य सरकारने ती १९७७ मध्ये सुरू केली आणि अकरावी-बारावीबरोबर तिथे एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. यांपैकी कुठेही प्रवेश मिळाला नाही तरी दार बंद होत नाही. साध्या महाविद्यालयातून, एनसीसी करून आलेले अधिकारी आमच्यात भरपूर आहेत.

१३. हयातीचा दाखला दिला होता, तरी पेन्शन थांबली. काय झालं असेल?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सर्वांत जास्त फोन याचेच. बहुतेक प्रकरणांत कारण एकच निघतं: जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून जुन्या सवयीने बँक निवडलेली असते. तुमची पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली असेल तर वाटप करणारी संस्था म्हणून प्रयागराजचं लेखा कार्यालय निवडावं लागतं. यादीत ते ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ असं दिसतं. बँक निवडली की दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांकही मिळतो, पण दाखला त्या कार्यालयात पोहोचत नाही.

थांबलेली पेन्शन बुडत नाही, नीट दाखला पोहोचला की थकबाकीसह येते. ८० पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांनी गर्दीच्या आधी उरकून घ्यावं. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवरून चेहऱ्याची ओळख चालते. अंथरुणाला खिळलेल्या सदस्यांकडे आमचे दोन तरुण सदस्य घरी येतात.

आणि एक: ८० व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला १०० टक्के. जन्मतारीख नोंदीत चुकीची किंवा कोरी असेल तर ही वाढ अडते. आत्ताच तपासून घ्या.

१४. मध्यरात्री छातीत दुखायला लागलं तर आधी ईसीएचएस पॉलिक्लिनिकचं रेफरल घ्यायचं का?

नाही. आधी रुग्णालय गाठा. ईसीएचएसच्या यादीतल्या रुग्णालयात आणीबाणीत कार्ड दाखवून थेट दाखल होता येतं, पुढची नोंद रुग्णालय करतं. यादीबाहेरचं रुग्णालय जवळ असेल तर तिथेच जा, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिलाची भरपाई ठरलेल्या सरकारी दरांनी मिळते, म्हणजे पूर्ण मिळेलच असं नाही, म्हणून प्रकृती सावरताच यादीतल्या रुग्णालयात हलवावं. घराजवळच्या यादीतल्या दोन रुग्णालयांची नावं फ्रिजवर चिकटवून ठेवा. हे मुलांना नाही, शेजाऱ्यांना माहीत हवं.

१५. तुम्ही बैठकीत सारखं ‘फाइल करा, फाइल करा’ म्हणता. कसली फाइल?

तुम्ही नसताना तुमच्या पत्नीला लागणारी. तिच्यात मूळ पीपीओ आणि नंतरचे सगळे सुधारित पीपीओ, सेवामुक्तीचा कागद, दोघांचे आधार आणि पॅन, संयुक्त खात्याचं पासबुक, ईसीएचएस कार्डांच्या प्रती, ग्रुप इन्शुरन्सचं प्रमाणपत्र, ‘स्पर्श’चा लॉगिन आणि तो कोणत्या मोबाइल क्रमांकाला जोडला आहे याची नोंद. शिवाय कर्ज, ठेवी, लॉकर.

आता खरी अडचण. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत जुन्या पिढीत सर्रास होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर सासरचं दुसरं, आणि युनिटच्या लेखनिकाने पार्ट टू ऑर्डरमध्ये (कुटुंबाच्या तपशिलाच्या लष्करी नोंदीत) लिहिलेलं तिसरं, तेही आडनावाशिवाय किंवा स्पेलिंग बदलून. साहेब हयात असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. ते गेल्यावर ‘ही व्यक्ती तीच’ हे सिद्ध करायची वेळ सत्तरीतल्या बाईंवर येते, आणि कुटुंबनिवृत्तिवेतन महिनोन्‌महिने अडकतं. तुम्ही जिवंत असताना ही दुरुस्ती एका अर्जाचं, प्रतिज्ञापत्राचं आणि गरज पडल्यास राजपत्रातल्या नावबदलाचं काम आहे. आज पीपीओ काढा आणि पत्नीचं नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर अन्‌ अक्षर जुळवून पाहा.

घरात कमावू न शकणारं दिव्यांग अपत्य असेल तर त्याला पुढे आजीव कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नावही तुमच्या हयातीतच नोंदवून घ्या.

फाइल झाली की पत्नीला समोर बसवून एकदा पूर्ण उलगडून दाखवा. कपाटात बंद असलेली, तिने न पाहिलेली फाइल काही कामाची नाही. पेन्शन किती येते हे पत्नीला माहीत नसलेली घरं आम्ही आजही पाहतो, आणि ज्यांनी शेकडो माणसांची काळजी वाहिली त्या अधिकाऱ्यांच्या घरी हे व्हावं याचं वाईट वाटतं.

१६. सदस्याचं निधन झालं तर पहिल्या काही दिवसांत काय करावं?

आधी संघटनेला फोन करा, कोणत्याही वेळी. अंत्यसंस्काराची व्यवस्था, शववाहिका, नातेवाइकांना निरोप यासाठी माणसं येतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या.

निधन ‘स्पर्श’वर कळवणं आणि बँकेला सांगणं ही घाईची कामं. निधनानंतरच्या काळाची पेन्शन चुकून जमा झाली तर ती काढू नका, ती परत वसूल होते. निधनाच्या दिवसापर्यंतची राहिलेली रक्कम वारसाला स्वतंत्रपणे मिळते. निवृत्तीनंतर निधन झाल्यास कुटुंबनिवृत्तिवेतन ७ वर्षं, किंवा अधिकाऱ्याचं वय ६७ झालं असतं तोपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर वाढीव दराने मिळतं. त्यानंतर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के दराने. ज्येष्ठ सदस्यांच्या बाबतीत सुरुवातीपासूनच ३० टक्के लागतात. रक्कम एकदम कमी झाली म्हणून मॅडम घाबरून जातात. ही चूक नाही, नियम तसा आहे, हे आधीच घरात सांगून ठेवलेलं बरं.

तेराव्यानंतर संघटनेच्या दोन व्यक्ती, त्यात एक मॅडम असतातच, घरी येऊन फाइल (प्रश्न १५) घेऊन बसतात.

१७. वडिलांच्या पार्थिवावर तिरंगा पांघरता येईल का? बंदुकीची सलामी मिळेल का?

ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पांघरण्याची मुभा फक्त शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारात आहे. त्यामुळे खासगी अंत्यसंस्कारात दुकानातून ध्वज आणून पांघरू नये. लष्करी सन्मान देणं स्टेशन हेडक्वार्टर्सच्या (स्थानिक लष्करी मुख्यालयाच्या) हाती असतं. शौर्यपदक विजेत्यांसाठी त्यांचे नियम वेगळे आहेत, पण सरसकट प्रत्येक निवृत्त अधिकाऱ्याला सलामी मिळतेच असं नाही. आम्ही तात्काळ संपर्क साधतो, होकार आला तर ती मंडळी सगळं शिस्तीने करतात: केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतात. होकार आला नाही तरी संघटनेचं पुष्पचक्र आणि जमलेल्या सदस्यांची मानवंदना नक्की होते.

१८. मुलं परदेशात आहेत. मी आणि पत्नी, किंवा मी एकटाच राहतो. संघटनेचा काय उपयोग?

अशांसाठीच फोनसाखळी आहे. सकाळी नऊच्या आत प्रत्येक एकट्या सदस्याने आपल्या ठरलेल्या जोडीदाराला फोन करायचा. फोन आला नाही तर जोडीदार करतो. उचलला नाही तर जवळचा सदस्य दारात जातो. घराची एक किल्ली कुठे आहे ते साखळीतल्या दोघांना माहीत असतं. जोडीदार मुद्दाम वेगळ्या रेजिमेंटचा आणि वयाने लहान निवडतो, म्हणजे बोलायला नवं काहीतरी निघतं.

सुरुवातीला बरेच जण ‘मला गरज नाही’ म्हणतात. आयुष्यभर इतरांची हजेरी घेतलेल्या माणसाला स्वतःची हजेरी देणं जड जातं, हे आम्ही समजतो. अशा वेळी त्यांना आम्ही जोडीदाराचं काम देतो: ‘सर, अमुक मॅडम एकट्या आहेत, तुम्ही रोज विचारपूस कराल का?’ ते एक दिवसही चुकवत नाहीत, आणि त्यांची विचारपूसही त्यातच होऊन जाते.

परदेशातल्या मुलांना विनंती: आईवडिलांबरोबर साखळीतल्या दोघांचे क्रमांकही जतन करून ठेवा आणि वर्षातून एकदा त्यांच्याशी बोला.

१९. घरपट्टी माफ होते असं ऐकलं. खरं आहे?

राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका मालमत्तेपुरती करमाफी दिली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन आपल्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो. आपोआप लागू होत नाही.

२०. आम्ही अधिकारी नव्हतो, शिपाई आणि हवालदार होतो. तुमच्याकडे आलो तर मदत कराल?

हे विचारावं लागतं याचंच आम्हाला वाईट वाटतं. नक्की या. केंद्रीय सैनिक बोर्डाची मुलांच्या शिक्षणाची आणि मुलींच्या लग्नाची मदत हवालदार हुद्द्यापर्यंतच आहे, अधिकाऱ्यांना ती लागूच नाही. त्यामुळे हे अर्ज भरून देणं हे आमच्या शनिवारच्या मदतकक्षाचं मुख्य काम झालं आहे. सदस्यत्व विचारलं जात नाही.

२१. संघटना निवडणुकीत कोणाला पाठिंबा देते?

कोणालाही नाही. निवृत्तीनंतर सदस्याने राजकारणात जावं की नाही हा त्याचा हक्क. पण संघटनेचं व्यासपीठ, नाव, ब्लेझरवरचं बोधचिन्ह प्रचारात वापरता येत नाही. पदाधिकारी उमेदवार झाला तर त्याने पद सोडायचं. लोकप्रतिनिधी पुष्पचक्र वाहायला आले तर स्वागत आहे, भाषण नाही.

२२. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून माझा मेसेज काढला. का?

बहुधा सैन्याच्या हालचालीचा व्हिडिओ, एखाद्या मोहिमेचा ‘आतला’ तपशील किंवा धर्म-पक्षावरून वाद असेल. तणावाच्या काळात गाड्यांच्या ताफ्याचा फोटो पुढे पाठवणं किती घातक, हे आपल्याला सांगायला लागू नये. शोकवार्ता मात्र कुटुंबाची परवानगी घेऊन सचिवच टाकतात, कारण जिवंत सदस्याची श्रद्धांजली फिरल्याचा प्रकार घडला आहे.

२३. शेजारी सैनिकी कॅन्टीनमधून वस्तू आणून द्या म्हणतात. एखादी बाटली द्यायला काय हरकत?

हरकत आहे. कॅन्टीनचा माल कार्डधारक आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे, दारूचा कोटा तर हुद्द्याप्रमाणे ठरलेला आहे. तो विकणं किंवा कार्ड दुसऱ्याच्या हाती देणं यावरून कार्ड रद्द होतं. नकार देताना संकोच वाटत असेल तर संघटनेचं नाव पुढे करा.

२४. आमच्या वर्गणीचा हिशेब कुठे पाहायला मिळतो?

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी लेखापरीक्षित जमाखर्च सर्व सदस्यांना पाठवला जातो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली आहे, त्यामुळे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हे राहिलं की बँक खातं गोठण्यापासून वादापर्यंत सगळं ओढवतं. नव्या कार्यकारिणीने पहिल्या महिन्यात हे एक काम करावं, सत्काराचे हार नंतर.

२५. वडील गेले. घरात त्यांचं परवान्याचं पिस्तूल, पदकं, जुन्या डायऱ्या आणि नकाशे आहेत. काय करू?

पिस्तूल आधी. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो तुमच्याकडे आपोआप येत नाही. ते घरात ठेवून घेणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. काडतुसांसह जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. स्वतःच्या नावावर हवं असेल तर वारस म्हणून रीतसर अर्ज करा. घेऊन जाताना एकटे जाऊ नका, आमचा सदस्य बरोबर येईल आणि ते रिकामं आहे का हे आधी तपासेल.

पदकं कुटुंबाचीच. भावंडांत वाटून सेट तोडू नका. कोणालाच ठेवायची नसतील तर रेजिमेंटल सेंटरच्या संग्रहालयाला पत्र लिहून विचारता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. बाकीच्यांचे पत्ते आम्ही देतो.

डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा, छापण्याआधी एखाद्या ज्येष्ठ सदस्याला वाचायला द्या. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा असला तरी आजही लागू आहे, आणि तो कुटुंबीयांनाही लागतो. ‘गोपनीय’ किंवा ‘मर्यादित’ असा शिक्का असलेले नकाशे, पुस्तिका, पत्रं रद्दीत घालू नका, फोटो काढून कोणाला पाठवू नका आणि जाळूही नका. लिफाफ्यात बंद करून आम्हाला कळवा. स्टेशन हेडक्वार्टर्सकडे पोचपावतीसह ती जमा करून देतो.